घरबसल्या चिप डिझाइन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इलेक्ट्रॉनिक्स शिकणारी मुलं, सॉफ्टवेअरमधून इकडे डोकावणारे, निवृत्तीनंतर जुनी हौस पुरी करायला बसलेले इंजिनिअर, सगळ्यांचे प्रश्न थोड्याफार फरकाने तेच असतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तिथे सांगण्यासारखं बरंच आहे.

एकट्या माणसाला स्वतःची चिप खरंच बनवून घेता येते?

येते. डिझाइन घरी लॅपटॉपवर करायचं, चिप बनवायचं काम फॅबचं, म्हणजे चिपच्या कारखान्याचं. एकाच वेफरवर, म्हणजे सिलिकॉनच्या चकतीवर, अनेकांची डिझाइनं शेजारी शेजारी बसवतात, मास्कचा, म्हणजे नक्षी उमटवायच्या साच्यांचा, अवाढव्य खर्च सगळ्यांत वाटला जातो, म्हणून तो तुमच्याआमच्या आवाक्यात येतो. अशा सामाईक फेरीला शटल म्हणतात.

मग हे आत्ताच का सुरू झालं? आधी काय अडत होतं?

बहुतेकांना वाटतं की आधी मोफत सॉफ्टवेअर नव्हतं. तसं नाही. सर्किटचं गणित सोडवणारं स्पाइस बर्कलीत १९७३ च्या सुमारास तयार झालं. लेआउट, म्हणजे चिपवर काय कुठे बसेल त्याचा नकाशा, काढायचं मॅजिक हे जॉन औस्टरहौट आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी १९८० च्या दशकात तिथेच लिहिलं. ते आजही वापरात आहे आणि टिम एडवर्ड्स ते सांभाळतात. १९७८ मध्ये लिन कॉनवे यांनी एमआयटीत वर्ग घेतला, विद्यार्थ्यांनी चिप डिझाइन केल्या आणि एचपीच्या फॅबमध्ये त्या बनूनही आल्या. १९८१ पासून अमेरिकेत मोसिस ही सेवा विद्यापीठांसाठी सामाईक वेफर काढू लागली. म्हणजे सॉफ्टवेअरही होतं आणि वाटणीची कल्पनाही होती.

नव्हता तो पीडीके. आपल्या कारखान्यात काय बनू शकतं आणि काय नाही, याचा सगळा तपशील फाउंड्री (दुसऱ्यांच्या चिप बनवून देणारी कंपनी) ज्या संचात देते तो पीडीके. तो मिळवायचा तर गोपनीयतेचा करार करायचा, आणि हौशी माणसाशी असा करार कोण करतो? करार झाला तरी तुमचं लेआउट तुम्ही चारचौघांत दाखवू शकत नव्हता, कारण त्यात फाउंड्रीची माहिती उघड होते. त्यामुळे कोणी काही शिकलं तरी ते दुसऱ्यापर्यंत पोचत नसे. मोफत साधनं खुरटली त्याचं मोठं कारण हेच. ज्या प्रक्रियेवर ती तपासायची तिचेच नियम कुलुपात असतील, तर साधन सुधारणार कसं?

२०२० च्या जूनमध्ये गुगल आणि अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातली स्कायवॉटर ही फाउंड्री यांनी मिळून स्काय१३० हा १३० नॅनोमीटर प्रक्रियेचा (आकडा जितका लहान तितकी चिपवरची नक्षी बारीक) पीडीके अपाचे २.० परवान्याखाली खुला केला. सही नाही, करार नाही, डाउनलोड करा आणि वापरा. माझ्या मते या छंदाचा इतिहास या तारखेच्या आधीचा आणि नंतरचा असा दोन भागांत पडतो.

पीडीकेमध्ये असतं तरी काय?

डिझाइनचे नियम: कुठल्या थराची रेघ किमान किती रुंद हवी, दोन रेघांत अंतर किती हवं. उदाहरणार्थ, स्काय१३० मध्ये धातूच्या पहिल्या थराची रेघ ०.१४ मायक्रॉनपेक्षा बारीक चालत नाही आणि दोन रेघांतलं अंतरही तितकं लागतंच. त्याशिवाय ट्रान्झिस्टर प्रत्यक्षात कसा वागेल हे सांगणारी स्पाइस मॉडेलं असतात. आणि डिजिटलवाल्यांच्या दृष्टीने सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे स्टँडर्ड सेलची लायब्ररी: नँड, नॉर ही गेटं (तर्काची एकेक छोटी क्रिया करणारी सर्किटं), एक बिट लक्षात ठेवणारा फ्लिप-फ्लॉप वगैरे आधीच काढून, मोजून ठेवलेले. ही लायब्ररी असते म्हणूनच आयुष्यात एकही ट्रान्झिस्टर न काढलेला माणूस चिप करू शकतो.

खुले पीडीके किती आहेत?

मोजके. पण हौशी माणसाला पुरून उरतील. स्काय१३० सगळ्यात जुना आणि सगळ्यात जास्त वापरलेला, त्यामुळे अडलात तर उत्तर बहुधा कोणीतरी आधीच लिहून ठेवलेलं सापडतं. २०२२ मध्ये ग्लोबलफाउंड्रीजची १८० नॅनोमीटरची प्रक्रिया जीएफ१८०एमसीयू या नावाने खुली झाली. ती आणखी जाड्याभरड्या वळणाची आहे. तिच्यात जास्त व्होल्टेज सहज चालतं, म्हणून मोटर किंवा पॉवरशी संबंधित कामाला ती बरी.

तिसरा पीडीके जर्मनीतल्या आयएचपी या संशोधन संस्थेचा, एसजी१३जी२. ही संस्था फ्रँकफुर्टची, पण हे फ्रँकफुर्ट ओडर नदीकाठचं, पोलंडच्या सीमेवरचं, विमानतळवालं नव्हे. या १३० नॅनोमीटर प्रक्रियेत नेहमीच्या सीमॉसबरोबर सिलिकॉन-जर्मेनियमचे बायपोलर ट्रान्झिस्टर मिळतात आणि त्यांची वेगाची मर्यादा शेकडो गिगाहर्ट्झमध्ये आहे. रेडिओची आवड असेल तर हौशी माणसाच्या हाती इतकं वेगवान साहित्य याआधी कधी आलं नव्हतं, हे लक्षात घ्या.

पण १३० नॅनोमीटर म्हणजे जुनंपुराणं ना?

२००१ साली इंटेलचे आघाडीचे प्रोसेसर १३० नॅनोमीटरवरच निघत होते. घड्याळ, कंट्रोलर, छोटा प्रोसेसर, संगीताचं यंत्र, सेन्सरची चिप यातल्या कशालाही ३ नॅनोमीटर लागत नाही. उलट जुन्या प्रक्रियेचे नियम कमी असतात, मास्क स्वस्त पडतात. फोनमधल्या चिपशी बरोबरी करायची असेल तर मात्र हा छंद तुमचा नाही.

कोणती साधनं लागतात? सगळी खरंच फुकट आहेत?

सगळी मोफत आणि खुली. मात्र एकच सॉफ्टवेअर उघडलं की काम झालं, असं इथे नसतं. हत्यारांची रांग असते आणि एकातून जे निघतं ते पुढच्याकडे जातं.

डिजिटल चिपची वाट अशी. व्हेरिलॉग या हार्डवेअरचं वर्णन करायच्या भाषेत डिझाइन लिहायचं. व्हीएचडीएल ही तशीच दुसरी भाषा आवडत असेल तर तिच्यासाठी जीएचडीएल आहे. पायथनची सवय असेल तर अमारांथ, स्कालाची असेल तर चिझल. लिहिलेलं चालतं का ते आयकारस व्हेरिलॉग किंवा व्हेरिलेटरवर पाहायचं. दोघांचा स्वभाव वेगळा. व्हेरिलेटर तुमच्या व्हेरिलॉगचं सी++ करून ते पळवतो, म्हणून अतिशय वेगवान. आयकारस संथ, पण रीसेट न केलेल्या, म्हणजे सुरुवातीची स्थिती न दिलेल्या रजिस्टरमध्ये ‘माहीत नाही’ अशी स्थिती तो प्रामाणिकपणे दाखवतो, आणि नवशिक्याला याच गोष्टीची सगळ्यात जास्त गरज असते. चाचण्या पायथनमध्ये लिहायच्या तर कोकोटीबी, लहरी बघायला जीटीकेवेव्ह.

मग क्लेअर वुल्फ यांचं योसिस. ते व्हेरिलॉगचं रूपांतर गेटांच्या जाळ्यात करतं. माझ्या मते या सगळ्या चळवळीचा कणा तेच आहे. पुढे प्रत्येक गेट चिपवर कुठे बसणार, त्यांच्यामधल्या तारा कुठून जाणार आणि क्लॉक, म्हणजे सगळ्या चिपला ताल देणारा ठोका, सगळीकडे सारख्या वेळी कसा पोचणार, हे ओपनरोड ठरवतं. अमेरिकेच्या डार्पा या संरक्षण-संशोधन संस्थेच्या पैशातून २०१८ मध्ये ते सुरू झालं, नेतृत्व कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेतले अँड्र्यू काहंग यांचं. उद्दिष्ट असं की माणसाने मध्ये हात न घालता २४ तासांत लेआउट तयार व्हावं. मोठ्या कंपन्यांच्या चिपबाबत ते कितपत जमलं यावर वाद घालता येईल, पण तुमचं छोटं डिझाइन मिनिटांत निघतं.

शेवटी तपासणी. लेआउट नियमांत बसतं का, हे मॅजिक आणि केलेआउट सांगतात. काढलेलं लेआउट आणि मूळ सर्किट एकच आहे का, हे नेटजेन जुळवून पाहतं. हे सगळं पार पडलं की जीडीएस नावाची फाइल निघते आणि ती फॅबकडे जाते. हा जीडीएस प्रकार १९७० च्या दशकातला आहे आणि अजून हटलेला नाही.

एवढी हत्यारं एकामागून एक हाताने चालवत बसायची गरज नाही. ओपनलेन आणि आता त्याची पुढची आवृत्ती लिब्रेलेन ही रांग एका कॉन्फिगरेशन फाइलवर चालवून देते.

विंडोजवर चालतं का? कसला लॅपटॉप हवा?

लिनक्स असेल तर डोकेदुखी कमी. विंडोजवर डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय) घालून चालतं. ८ जीबी रॅममध्ये छोटं डिझाइन निघतं, १६ असेल तर सुखाचं. प्रत्येक साधन स्वतः कंपाइल करण्याच्या भानगडीत पडू नका, आठवडे जातील आणि चिप तिथेच राहील. ऑस्ट्रियातल्या लिंझच्या योहानेस केप्लर विद्यापीठाने सगळी साधनं आणि पीडीके एकत्र बांधून डॉकरचं पाकीट ठेवलं आहे. ते उतरवा आणि कामाला लागा. आकाराने ते बरंच मोठं आहे, तेव्हा मोबाइलच्या हॉटस्पॉटवर सुरुवात करू नका.

मी सॉफ्टवेअरमधला आहे, इलेक्ट्रॉनिक्सची पदवी नाही. जमेल?

जमेल, पण एक सवय मोडावी लागेल. व्हेरिलॉग वरवर सी भाषेसारखं दिसतं आणि तिथेच घात होतो. सीमधल्या ओळी एकामागून एक चालतात. व्हेरिलॉगमधली ओळ म्हणजे एक वस्तू, जी कायम जागेवर आहे आणि बाकी सगळ्यांबरोबर एकाच वेळी काम करते आहे. लूप लिहिलात तर तो फिरत नाही, तितक्या प्रती तयार होतात आणि प्रत्येक प्रत जागा खाते. हे अंगवळणी पडलं की उरलेलं व्याकरण आठवडाभराचं काम आहे.

आधी एफपीजीए घ्यावा का?

हो, आणि याबाबत माझं मत ठाम आहे. एफपीजीए म्हणजे आतली जोडणी हवी तेव्हा बदलता येते अशी तयार चिप. एफपीजीएवर चूक झाली तर सुधारून पुन्हा चढवायला काही सेकंद लागतात. चिपमध्ये झाली तर पुढच्या फेरीपर्यंत थांबा आणि पुन्हा पैसे भरा. लॅटिसच्या आइस४० मालिकेतला एखादा छोटा बोर्ड किंवा गोविनची चिप असलेला टँग नॅनो पुरेसा आहे. दोन्हींसाठी खुली साधनं आहेत. आइस४० ची आतली रचना २०१५ मध्ये आइसस्टॉर्म प्रकल्पाने उलगडून दाखवली. कंपनीच्या मदतीशिवाय, बिट-बिट ताडून. योसिस तिथेही तेच, फक्त पुढे ओपनरोडऐवजी नेक्स्टपीएनआर येतं.

एक सावधगिरी हवी. एफपीजीए सुरू होताना त्यातल्या रजिस्टरांना ठरलेली सुरुवातीची स्थिती देता येते. चिपमध्ये वीज आल्यावर फ्लिप-फ्लॉप वाट्टेल त्या स्थितीत असतात. त्यामुळे एफपीजीएवर सुरळीत चाललेलं डिझाइन, रीसेट नीट लिहिला नसेल तर, चिपवर पहिल्याच क्षणाला भरकटतं.

टायनी टेपआउट म्हणजे काय?

मॅट व्हेन यांनी २०२२ मध्ये सुरू केलेला उपक्रम. एक चिप घ्यायची, तिचे छोटे छोटे तुकडे पाडायचे, एकेक तुकडा एकेका माणसाला द्यायचा. एका तुकड्याला टाइल म्हणतात. शेकडो लोकांची डिझाइनं एकाच चिपवर असतात आणि प्रत्येकाला ती अख्खी चिप बोर्डासकट मिळते. बोर्डावरच्या मायक्रोकंट्रोलरमधून कोणतं डिझाइन जागं करायचं ते निवडता येतं. म्हणजे तुमच्याबरोबर अनोळखी लोकांची कामंही तुमच्या हातात येतात, आणि ती उघडून बघण्यात जो वेळ जातो तो सगळा सत्कारणी लागतो.

डिझाइन गिटहबवर ठेवायचं. प्रत्येक बदलानंतर तिथल्या सर्व्हरवरच लेआउट निघतं आणि तपासण्या होतात. व्हेरिलॉग येत नसेल तर वोक्वी या संकेतस्थळावर गेटांची चित्रं जोडूनही डिझाइन करता येतं. शाळकरी मुलांसाठी तो रस्ता उत्तम आहे.

एका टाइलमध्ये काय मावतं?

स्काय१३० वरची टाइल साधारण १६० गुणिले १०० मायक्रॉनची असते, म्हणजे सुमारे १६,००० चौरस मायक्रॉन. त्यात हजारएक गेट बसतात असा अंदाज धरतात. १९७१ च्या इंटेल ४००४ मध्ये अख्ख्या चिपवर २,३०० ट्रान्झिस्टर होते. नुसत्या ट्रान्झिस्टरच्या मोजणीत तुमची एक टाइल त्याच्या पुढे जाते.

हुरळून मात्र जाऊ नका, कारण मेमरी जागा गिळते. स्काय१३० च्या नेहमीच्या लायब्ररीतला सगळ्यात साधा फ्लिप-फ्लॉप सुमारे २० चौरस मायक्रॉनचा. ६४ बाइट साठवायचे म्हणजे ५१२ फ्लिप-फ्लॉप, म्हणजे १०,२४० चौरस मायक्रॉन. दोन तृतीयांश टाइल तिथेच संपली, आणि अजून त्या बाइटांपर्यंत पोचायच्या तारा आणि निवडीचं लॉजिक यायचं आहे. ‘माझा गेम बसवायचा आहे, फक्त स्क्रीनचा बफर हवा’ असं म्हणणाऱ्यांची गाडी इथेच अडते. अनुभवी लोक स्क्रीन साठवतच नाहीत. व्हीजीएचा प्रत्येक ठिपका ज्या क्षणी हवा त्याच क्षणी गणिताने काढतात. जागेच्या या ओढाताणीतून जे चातुर्य निघतं तीच या खेळाची खरी गंमत.

पिनाही मोजक्याच मिळतात: ८ आत येणाऱ्या, ८ बाहेर जाणाऱ्या, ८ दोन्हीकडून चालणाऱ्या, शिवाय क्लॉक आणि रीसेट. प्रोसेसर करायचाच असेल तर ओलोफ किंडग्रेन यांचा सर्व्ह बघा. तो ३२ बिटांचा रिस्क-फाइव्ह प्रोसेसर एका वेळी एकच बिट हाताळतो, म्हणून वेळ जास्त घेतो आणि जागा फार कमी.

खर्च किती येतो?

टायनी टेपआउटची एक टाइल आणि बोर्ड मिळून काही शेकडो युरोंच्या घरात धरा. दर फेरीगणिक बदलतात, तेव्हा आकडा त्या वेळी बघून घ्या. अख्खी चिप फक्त तुमचीच हवी असेल तर वेगळा हिशोब. अशा फेऱ्या चालवणारी एफेबलेस कंपनी चालू होती तेव्हा सुमारे १० चौरस मिलिमीटर जागा आणि १०० तयार चिप यांचा दर ९,७५० डॉलर होता. हौसेला मोल नसतं म्हणतात, पण एवढी रक्कम एकट्याने घालण्यापेक्षा कॉलेजने किंवा आठ-दहा जणांनी मिळून घालावी.

पैसे न घालताही बरंच होतं. डिझाइन, सिम्युलेशन, लेआउट, सगळ्या तपासण्या, इथपर्यंतचा खर्च शून्य. चिप बनवून न घेता नुसतं लेआउटपर्यंत जाणारेही पुष्कळ आहेत, आणि त्यांचं शिक्षण अर्धवट राहतं असं मला वाटत नाही.

एफेबलेस बंद पडली ना? मग या सगळ्याचा भरवसा काय?

रास्त प्रश्न. गुगलच्या पैशाने ज्या मोफत फेऱ्या निघाल्या त्यांचं सगळं काम एफेबलेसच बघत होती. प्रत्येक फेरीत ४० डिझाइनं, अट एवढीच की डिझाइन खुलं असावं. पुढे मोफत फेऱ्या थांबल्या, पैसे भरून घ्यायच्या फेऱ्या सुरू राहिल्या, आणि २०२५ च्या मार्चमध्ये कंपनीनेच कामकाज बंद केलं. ज्यांनी आधीच पैसे भरले होते त्यांच्या चिप मधल्यामध्ये अडकल्या, टायनी टेपआउटच्या फेऱ्यांनाही त्याचा फटका बसला.

पण नंतर काय झालं तेही बघा. पीडीके खुला, साधनं खुली, त्यामुळे कंपनीबरोबर ज्ञान बुडालं नाही. टायनी टेपआउटने आयएचपीकडे मोर्चा वळवला. स्कायवॉटरच्या फेऱ्या चिपफाउंड्री या नव्या कंपनीने उचलल्या. जीएफ१८० साठी वेफर.स्पेस उभं राहिलं, त्यामागे टिम अँसेल आहेत, ज्यांनी गुगलमध्ये असताना स्काय१३० खुला करवून घेतला होता. आयएचपीकडेही खुल्या डिझाइनसाठी जर्मन सरकारच्या निधीतून फेऱ्या निघाल्या आहेत.

माझा व्यवहारी सल्ला असा की साधनं कधी बंद पडतील याची काळजी करू नका, शटल कधी बंद पडेल याची करा. पैसे भरताना ती फेरी कोणत्या फॅबकडे जाते आहे, आधीच्या फेऱ्यांच्या चिप लोकांच्या हातात पोचल्या का आणि परताव्याची अट काय आहे, एवढं वाचल्याशिवाय कार्ड बाहेर काढू नका. वेळेचाही अंदाज ठेवा. सहा-आठ महिने ते वर्ष, यापेक्षा लवकर चिपची वाट बघू नये.

चिप आली आणि चाललीच नाही तर?

असं होतं, आणि तुमच्या हातून होणारी चूक बहुधा सिम्युलेशन पुरेसं न केल्याची असते. एक प्रकारची चूक मात्र मुद्दाम समजून घ्यावी अशी आहे.

एका फ्लिप-फ्लॉपकडून दुसऱ्याकडे सिग्नल जातो. तो उशिरा पोचला तर क्लॉक मंद करा, भागतं. पण तो फार लवकर पोचला, म्हणजे पुढच्याने जुनी स्थिती टिपून घ्यायच्या आधीच नवी येऊन धडकली, तर क्लॉक कितीही मंद केला तरी उपयोग नाही, कारण घोटाळा क्लॉकच्या एकाच ठोक्यात होतो आहे. याला होल्ड मोडणं म्हणतात. गुगलच्या पहिल्या फेरीच्या चिपमध्ये नेमका हाच दोष निघाला. तोही लोकांच्या डिझाइनमध्ये नव्हता, सगळ्यांना दिलेल्या कॅराव्हेल या सामाईक ढाच्यात होता. त्या काळी साधनं वेगवेगळे तुकडे एकत्र जोडल्यावरची वेळेची तपासणी पुरेशी करत नव्हती. मग लोकांनी व्होल्टेज खालीवर करून, युक्त्या लढवून काही चिपमधून काम काढून घेतलं. त्या फजितीनंतर तपासणीची साधनं झपाट्याने सुधारली.

तुमच्यापुरतं सांगायचं तर लेआउटनंतर निघालेल्या गेटांच्या जाळ्यावर त्याच चाचण्या पुन्हा चालवा, आणि वेळेच्या अहवालातला होल्डचा आकडा उणे असेल तर फाइल पाठवू नका. पिना उरल्या तर आतली एखादी महत्त्वाची स्थिती बाहेर काढून ठेवा. चिप गप्प बसली तर निदान ती कुठे गप्प बसली ते कळेल.

अॅनालॉग करता येतं का?

येतं, पण तिथे रांग चालवून देणारं कोणी नाही. एक्सस्केममध्ये सर्किट काढायचं, एनजीस्पाइसवर तपासायचं आणि ट्रान्झिस्टर मॅजिक किंवा केलेआउटमध्ये हाताने बसवायचे. तारांचे स्वतःचे विरोध आणि धारकता मोजून घेऊन पुन्हा तपासायचं, मग आकडे बिघडलेले दिसतात, मग पुन्हा बसायचं. चिकाटीचं काम आहे. टायनी टेपआउटमध्ये अॅनालॉग पिना जादा पैसे देऊन मिळतात. पहिली चिप अॅनालॉग करू नये असं माझं मत, पण ज्याला खरंच तेच आवडतं तो ऐकणार नाही हेही माहीत आहे.

भारतात, महाराष्ट्रात काय सोय आहे?

शिकण्याची सोय चांगली आहे. आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पाने ईसिम हे मोफत साधन बांधलं आहे. सर्किट काढायला कायकॅड, सोडवायला एनजीस्पाइस, डिजिटल भागाला जीएचडीएल, अशी जुळणी. सर्किट सिम्युलेशनची सुरुवात करायला ते सोपं पडतं. तिथल्याच स्पोकन ट्यूटोरियलमध्ये लिनक्स आणि सीचे धडे मराठी आवाजातही आहेत. लिनक्सच्या काळ्या पडद्याची भीती असेल तर आधी ते ऐका. आयआयटी मुंबईतच प्रा. माधव देसाई यांच्या गटाने अजित हा प्रोसेसर केला, तोही स्वतः तयार केलेल्या अहिर या साधनांच्या जोरावर, आणि त्याची चिप मोहालीच्या सेमीकंडक्टर लॅबोरेटरीत १८० नॅनोमीटरवर बनली. आपल्याकडे स्वतःची साधनं लिहून चिपपर्यंत जाणारी माणसं आहेत, हे ‘इथे काही होत नाही’ म्हणणाऱ्यांना सांगायला बरं पडतं.

बनवून घ्यायची सोय मात्र हौशी माणसासाठी नाही. मोहालीचा पीडीके करार केल्याशिवाय मिळत नाही. चिप्स टू स्टार्टअप या केंद्र सरकारच्या योजनेतून कॉलेजांना महागडी व्यावसायिक साधनं सी-डॅकमार्फत मिळतात आणि विद्यार्थ्यांच्या चिप मोहालीत बनतात. तुमचं कॉलेज त्यात आहे का, हे विभागप्रमुखांना जरूर विचारा. कॉलेजबाहेरच्या माणसाला तो दरवाजा बंद आहे. गुजरातमधल्या धोलेऱ्याचा फॅब झाला की सोय होईल का, असंही पुष्कळ जण विचारतात. फॅब उभा राहणं आणि त्याचा पीडीके खुला होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली पैशाने होते, दुसरी इच्छा असेल तर.

हे शिकून पुण्या-बंगळुरूत चिप कंपनीत नोकरी मिळेल?

कंपन्यांत सिनॉप्सिस, केडन्स, सीमेन्सची साधनं चालतात आणि मुलाखतीत त्यांच्याबद्दल विचारतात. पण साधनांना हुकूम द्यायची टीसीएल भाषा तीच, वेळेच्या अटी लिहायची पद्धत तीच, लायब्ररीच्या फाइलींचे प्रकार तेच. रेझ्युमेवर कोर्सांची यादी लावण्यापेक्षा ‘ही माझी चिप, हा तिचा कोड, हा वेळेचा अहवाल’ असं दाखवणारा उमेदवार वेगळा उठून दिसतो.

एआयकडून व्हेरिलॉग लिहून घेतलं तर?

लिहून देतो. २०२३ मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठातल्या संशोधकांनी चॅटजीपीटीशी बोलत बोलत ८ बिटांचा छोटा प्रोसेसर करून टायनी टेपआउटला पाठवला होता. पण तो पाठवणाऱ्यांना व्हेरिलॉग उत्तम येत होतं. चाचण्या तुम्ही स्वतः लिहा. डिझाइन आणि चाचणी दोन्ही त्याच्याकडूनच घेतलं तर समजुतीतली एकच चूक दोन्हीकडे जाऊन बसते आणि सगळं हिरवं दिसतं.

माझं डिझाइन उघडं करावंच लागतं का?

टायनी टेपआउटमध्ये करावं लागतं. स्वतः पैसे भरून अख्खी जागा घेतली तर सहसा नाही. पीडीके खुला आहे म्हणून तुमचं डिझाइन आपोआप खुलं होत नाही. भारतात लेआउटच्या संरक्षणासाठी २००० सालचा स्वतंत्र कायदा आहे, नोंदणी केली तर १० वर्षं संरक्षण मिळतं. ब्लिंक होणाऱ्या एलईडीसाठी वकील गाठायची गरज नाही.

घरीच, गॅरेजमध्ये चिप बनवता येते का? व्हिडिओ पाहिलाय.

तो व्हिडिओ बहुधा सॅम झेलूफचा. न्यू जर्सीत आईवडिलांच्या गॅरेजमध्ये या मुलाने २०१८ मध्ये ६ ट्रान्झिस्टरची चिप बनवली, तेव्हा तो शाळेत होता. २०२१ मध्ये १०० ट्रान्झिस्टरची. अफाट काम आहे. त्याच्यामागे जुनी यंत्रं शोधून दुरुस्त करण्यात गेलेली वर्षं आहेत आणि हायड्रोफ्लोरिक आम्लासारखी रसायनं आहेत. हे आम्ल कातडीतून आत शिरतं, शरीरातलं कॅल्शियम बांधून टाकतं, आणि थोड्या प्रमाणातही जिवावर बेतू शकतं. सुरुवातीला धड दुखतही नाही. फ्लॅटच्या गॅलरीत करायचा हा प्रयोग नव्हे.

बोर्ड परदेशातून मागवताना काय लक्षात ठेवावं?

कुरियर कंपनी केवायसी मागते, आधार किंवा पॅनची प्रत तयार ठेवा. आयजीएसटी लागतो, वर कुरियरची हाताळणीची फी. बोर्डाचं वर्गीकरण काय धरतात त्यावर सीमाशुल्क ठरतं, म्हणून पाठवणाऱ्याला बिलावर वस्तूचं स्पष्ट वर्णन आणि खरी किंमत लिहायला सांगा. ‘गिफ्ट’ लिहून पाठवलेली पार्सलं जास्त रखडतात. पत्ता बदलणार असाल तर आधीच कळवा, कारण फेरीचे पैसे भरले तेव्हा तुम्ही शेवटच्या वर्षाला हॉस्टेलवर असता आणि चिप येते तेव्हा खोलीत दुसरंच कोणीतरी राहत असतं.